नवव्या पायरीची ठेच

हैबतनाना फरांदे यांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा फुंकर बसवली. ही त्यांची एकतिसावी वेळ होती.

यात थाप तिळाइतकीही नाही. वाईतल्या हळदीच्या जुन्या गोदामात डॉ. शमीम मुजावर यांच्या हातची नोंदवही होती आणि तिच्यात लागोपाठ एकतीस पानांवर लिहिलेलं होतं: ‘वाचक – हैबती बाळा फरांदे, राहणार बावधन, वय अडुसष्ट. पूर्वानुभव – शून्य.’ एकतीस वेळा शून्य, आणि एकही शून्य खोटं नाही.

फुंकर म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. ज्या काळातली ही गोष्ट आहे, त्या काळी कुठलंच यंत्र नुसतं यंत्र उरलं नव्हतं. विहिरीवरचा पंप असो, पिठाची गिरणी असो की म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी ठेवलेलं श्वासयंत्र असो, प्रत्येकाच्या पोटात एक प्रणाली असायची आणि ती यंत्राला अक्कल पुरवायची. कंपन्यांची अक्कल परवडेना, तेव्हा लोकांनी आपापसात मिळून प्रणाल्या लिहायला घेतल्या. त्यांना लोकप्रणाली म्हणत. गावजेवणासारखाच प्रकार. कुणी पीठ आणायचं, कुणी लाकडं फोडायची, कुणी नुसतंच उभं राहून ‘मीठ कमी आहे’ म्हणायचं, आणि पंगतीला कुणीही बसायचं. फुंकर ही श्वासयंत्राची लोकप्रणाली. ती चार हजार माणसांनी लिहिली होती. त्यातला एक पेरू देशात राहायचा, तर दुसरा पाटण तालुक्यात, आणि दोघं रोज भांडायचे.

प्रणाली फुकट मिळायची, पण ती यंत्रात बसवायची कुणी? ज्याची त्यानं, पुस्तिका वाचून. आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खायचं. प्रणाली लिहायची हौस सगळ्यांना दांडगी. पुस्तिका लिहायची वेळ आली की एकेकाच्या पोटात दुखायचं. एका पुस्तिकेची पहिलीच पायरी होती, ‘वरीलप्रमाणे करून घ्यावे.’ पसरणीच्या एका गृहस्थांनी अशीच पुस्तिका वाचून हवामानाची प्रणाली बसवायला घेतली, ती जाऊन बसली म्हशीच्या गळ्यातल्या पट्ट्यात. पुढे तीन दिवस ती म्हैस पावसाचा अंदाज सांगत होती. तिन्ही दिवस तो खरा ठरला, असं पसरणीचे लोक आजही शपथेवर सांगतात.

लिहिणाऱ्यांना दोष द्यावा, तर त्यांचाही तसा नाइलाज होता. ज्याला एखादी गोष्ट येते, त्याला आपल्याला काय येतं ते दिसत नाही. चपात्या लाटणाऱ्या बाईला कृती विचारा. ‘कणीक मळून घ्या’ म्हणेल. पाणी किती ते सांगणार नाही, कारण ते तिच्या बोटांना ठाऊक असतं. पुस्तिकेतली भोकं पहिल्यांदा वाचणाऱ्यालाच दिसतात. आणि पंचाईत अशी की कुठलाही माणूस कुठलीही पुस्तिका पहिल्यांदा एकदाच वाचू शकतो.

या पंचाइतीवर शमीमनं तोड काढली होती. ती मूळची मेंदूची डॉक्टर. ती सांगायची, आठवण ही सिमेंटच्या नव्या कोब्यासारखी असते. कोबा ओला असताना मांजर चालून गेलं तर पावलं उमटतात. वाळला की ती जन्माची. पण वाळायच्या आत कुणी थापी फिरवली, तर मांजर आलं होतं की नाही ते देवालाही सांगता येणार नाही. माणसाची आठवण वाळायला काही तास लागतात. शमीमनं तिच्यासाठी थापी शोधली होती. जिभेखाली दोन थेंब घेतले की पुढच्या सहा तासांतलं काही वाळतच नसे, आणि एखादी गोष्ट घडून गेल्यावर दोन तासांच्या आत घेतले तर तीही पुसली जाई. गोदामातले लोक या औषधाला पुसणी म्हणत, पाटीवर फिरवायच्या फडक्यासारखी. पुसणी घेतलेल्या माणसाला म्हणायचे कोरा वाचक. तो पुस्तिका वाचून प्रणाली बसवायचा, जिथे अडखळेल तिथे शमीम ‘ठेच’ अशी खूण करायची, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा कोरा होऊन हजर. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, या म्हणीवरच सगळा कारखाना चालला होता. पुढच्याचं काय, हे त्या म्हणीत सांगितलेलं नाही.

गोदामाचे नियम दोनच. वाचकानं पुस्तिका उघडली की फोन बंद करायचा. आणि कुणाला काही विचारायचं नाही. जे शोधायचं ते पुस्तिकेत शोधायचं.

त्या दिवशी टेबलाशेजारच्या खाटेवर नेहमीप्रमाणे पाव्हणा झोपला होता. पाव्हणा म्हणजे रबरी रोगी. छाती वरखाली होणारा, तोंडाला श्वासयंत्राचा मास्क लावलेला. नानांनी फोन बंद केला, चष्मा लावला आणि एक ते आठ पायऱ्या झरझर उरकल्या. नववी पायरी होती, ‘यंत्र खोलीतली हवा मोजेल. थांबा. हिरवा दिवा लागला की फुंकर बसली.’

नाना थांबले. दिवा लागेना. पान उलटलं, परत मागे आले. पुस्तिका उभी धरली, आडवी धरली. शमीम कोपऱ्यात घड्याळ घेऊन बसली होती. तिला पुढचं सगळं तोंडपाठ होतं. यंत्राला खोलीतली हवा मोजायची तर मास्क तोंडावरून काढायला हवा, नाहीतर रोग्याचाच उच्छ्वास मोजत ते ताटकळत बसतं. पुस्तिकेत ते लिहिलेलंच नव्हतं. लिहिणार कोण? त्या चार हजार माणसांनी फुंकर नेहमी मोकळ्या टेबलावर बसवली होती, मास्क बाजूला लोंबकळत ठेवून. खाटेवर माणूस असतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसरे कोरे वाचक इथे अडत नसत. रबरी बाहुलाच तर तो. त्यांनी कंटाळून मास्क ओढून काढला की काम व्हायचं. नाना तेवढं कधी करत नसत. तेविसाव्या मिनिटाला ते पुस्तिका खाली ठेवायचे, पाव्हण्याकडे वळायचे आणि म्हणायचे, “तोंडाला कोरड पडली असंल रं बाबा तुज्या.” मग ओलं फडकं घेऊन, मास्क चार बोटं उचलून, त्या रबराचे ओठ पुसायचे. तेवढ्यात यंत्राला हवा सापडायची आणि हिरवा दिवा लागायचा.

आजही लागला.

“आत्तिच्या!” नाना दचकले. मग मास्ककडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, आणि लहान मुलासारखे हसले. “डॉक्टरबाई, मास्क काढाया पायजे व्हय! आन पुस्तकात लिवलंय कुठं?”

“नाही लिहिलेलं.”

“मग लिवा की.”

“मी तीस वेळा लिहून पाठवलंय, नाना. कारभारी घेत नाहीत.” लोकप्रणालीत कुठला बदल घ्यायचा ते ठरवणाऱ्या मंडळींना कारभारी म्हणत. “ते म्हणतात, मास्क तोंडावर ठेवून कुणी यंत्र बसवतं का? हा एका माणसाचा स्वभाव आहे, पुस्तिकेचा दोष नाही. तोच वाचक चाळीस वेळा तिथेच ठेचाळला, तर मान्य करू.”

“आन आज कितवी?”

“एकतिसावी.”

नानांनी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला, तो हातातच राहिला. “बाई, आमच्या तानूच्या उशाला ह्येच यंत्र हाय. हीच फुंकर. दवाखान्यातल्या डॉक्टरानं सांगितलंय, काय बी झालं तरी मास्क काढायचा न्हाई. म्हणून तर माजा हात व्हईना. आता मला कळलंय. येवढं कळल्यालं घरी न्हिऊ द्या मला.”

शमीमनं नोंदवहीत बघितलं. हे वाक्य तिला नवं नव्हतं. नानांनी ते एकतीस वेळा म्हटलं होतं, जवळजवळ याच शब्दांत, आणि एकतीस वेळा तिनं हेच उत्तर दिलं होतं, दिवसांचा आकडा तेवढा बदलून:

“तुम्हाला आठवलं तर तुम्ही कोरे राहणार नाही, नाना. मग चाळीस व्हायच्या नाहीत. आणि चाळीस झाल्या नाहीत तर ही ओळ कुणाच्याच पुस्तिकेत येणार नाही. लाखो घरांत यंत्रं आहेत. फक्त नऊ दिवस राहिलेत.”

“ते बी खरंच,” नाना म्हणाले. एकतीस वेळा ते हेच म्हणाले होते. आणि भाकरी खाऊन, गोदामाच्या पडवीत एक डुलकी काढून, सगळं विसरून बावधनला गेले होते.

त्या संध्याकाळी मात्र शमीमला राहवलं नाही. स्कूटर काढून ती बावधनला गेली. नाना रानात गेले होते. तानूबाई खाटेवर उशीला टेकून बसली होती. जन्मभर चुलीचा धूर आणि हळदीची धूळ खाऊन तिची फुफ्फुसं निकामी झाली होती. बोलायलाही यंत्राची फुंकर लागायची. यंत्र सुस्कारा सोडी, तेवढ्यात ती तीन-चार शब्द बोलून घेई.

“आलीस व्हय... बस पोरी... च्या कोन करंल... तूच कर.”

शमीमनं चहा केला. तानूबाईनं चमच्याएवढा घेतला आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

“आमच्या म्हाताऱ्याला... ह्ये यंत्र शिकीव... मला काय झालं... तर त्यो बसंल बघत.”

“काकू, नऊच दिवस थांबा. मग मी स्वतः येऊन शिकवते.”

“नऊ दीस... माज्या हातात... हैत व्हय?” तानूबाई हे हसत म्हणाली. आणि तेव्हाच शमीमला एक युक्ती सुचली. साप मरावा आणि काठीही मोडू नये, अशी युक्ती.

“काकू, मी तुम्हालाच शिकवते. त्यांना काही सांगू नका. कधी यंत्र अडलं आणि बसवायची वेळ आली, तर नववीला ते थांबतील. तेव्हा मास्क काढायचा, दहापर्यंत मोजायचं, परत लावायचा. संपलं. दहा काय, दहा मिनिटं काढला तरी तुम्हाला काही होत नाही. उलट यंत्र बंद असताना मास्क तोंडावर असणं वाईट. त्यांना फक्त खूण करा.”

तानूबाईनं हातानं मास्क काढल्यासारखं केलं, बोटांवर दहा मोजले. हुशार बाई, एकदाच सांगावं लागलं.

“म्हंजी यांस्नी... मीच दावायचं... लगीन झाल्यापास्नं... तेच करत आले.”

दोघी हसल्या. यंत्रानंही सुस्कारा सोडला. शमीम परत येताना कित्येक दिवसांनी गाणं गुणगुणत आली.

बत्तीस झाली, तेहेतीस झाली. सदतिसाव्या वेळी शमीमच्या लक्षात आलं की नानांना पहिल्या आठ पायऱ्यांना आता निम्माच वेळ लागतो. तिनं ते मोठ्या आनंदानं नोंदलं. मेंदूचं हे जुनं गुपित तिला शिकतानाच कळलं होतं. माणूस जे शिकतो ते सगळं एका जागी राहत नाही. काय घडलं याची आठवण एका खोलीत, हाताची सवय दुसऱ्या खोलीत. पुसणी पहिल्या खोलीत फिरते. दुसऱ्या खोलीला तिचा स्पर्श होत नाही. सायकल कधी शिकलो ते विसरलं तरी सायकल येतेच. नानांना काही आठवत नव्हतं, पण त्यांच्या बोटांना बटणं ओळखीची झाली होती. आणखी काय काय त्या दुसऱ्या खोलीत जाऊन बसलं असेल, याचा विचार शमीमनं केला नाही. केला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

एकोणचाळिसाव्या दिवशी सकाळी वीज गेली आणि अर्ध्या तासानं आली ती अंगात आल्यासारखी आली. वाईत दोन-चार पंखे जळाले. गोदामाचे दिवे फडफडले आणि पुन्हा नीट लागले. शमीमनं थेंबांची बाटली, नोंदवही, घड्याळ मांडून ठेवलं. दहा वाजले. नाना आले नाहीत. ते कधी उशीर करत नसत. दहाला पाच कमी असताना गोदामाच्या दारात चपला काढल्याचा आवाज व्हायचाच. सव्वादहाला तिनं फोन लावला. फोन बंद होता.

ती दोन मिनिटं नुसती बसून राहिली. मग बाटली पिशवीत टाकून स्कूटरकडे धावली. नानांचा फोन कधी बंद असतो, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

बावधनच्या घराचं दार उघडंच होतं. नाना खाटेशेजारी स्टुलावर बसले होते. चष्मा नाकावर, मांडीवर पुस्तिका, हातात ओलं फडकं. यंत्रावर हिरवा दिवा होता. तानूबाईची छाती वर जात होती, खाली येत होती, अगदी लयीत, शहाण्या मुलीसारखी.

नानांनी वर बघितलं. चेहऱ्यावर दमणूक होती आणि तिच्यावर अभिमान.

“बसली, डॉक्टरबाई. सकाळी लाईट गेली तवा यंत्र बॅटरीवर चाललं. मग लाईट आली आन त्येची अक्कल पार उडाली. म्हनलं, आपुन रोज तेच काम करतो, आपल्याला जमायला पायजे. पुस्तक काढलं. जरा येळ लागला नवव्या पायरीला. पर बसली बगा. पयल्याच खेपेला.”

शमीमनं तानूबाईचा हात हातात घेतला. मग मनगट बघितलं, मग गळ्याशी बोटं ठेवली, मग पापणी उचलली. यंत्र सुस्कारे सोडत होतं. त्या सुस्काऱ्यांतून आता कुणी बोलत नव्हतं.

“झोपलीय,” नाना म्हणाले. “लई तगमग केली बिचारीनं. मग निवांत झाली.”

“किती वेळ लागला, नाना?” तिचं तिलाच ऐकू आलं की आपण चाचणीच्या आवाजात विचारतोय.

“वीस-पंचवीस मिनिटं.”

“फोन का नाही केलात मला?”

नानांनी खिशातला फोन काढून बघितला. जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. “बंद केलाय वाटतं म्या,” ते म्हणाले. “इचारायचं सुचलंच न्हाई. पुस्तकात शोधत हुतो.”

तेव्हा शमीमला कळलं की त्या दुसऱ्या खोलीत काय जाऊन बसलं होतं. उत्तर रोज पुसलं जात होतं. न विचारण्याची सवय तेवढी रोज घट्ट होत होती. ती तिनंच लावली होती.

तिनं यंत्राचं बटण दाबलं. छाती खाली गेली ती वर आली नाही. हिरवा दिवा गेला.

“ओ बाई, काय केलंत!” नाना ताडकन उठले, बटणाकडे झेपावले, आणि मध्येच थांबले. तानूबाईच्या तोंडाकडे त्यांनी आता पहिल्यांदा नीट बघितलं. मग स्टूल चाचपून परत बसले.

शेजारच्या घरात कुणीतरी मिक्सर लावला होता. तो थांबला.

“कवा?” नानांनी विचारलं.

“दिवा लागायच्या आधी.”

“मास्कामुळं?”

“हो.” आणि मग तिनं सगळं सांगितलं. अडतीस वेळा त्यांनी फुंकर बसवली होती, अडतीस वेळा नववीला थांबले होते, अडतीस वेळा उत्तर त्यांना कळलं होतं, आणि ते घरी न्यायची परवानगी त्यांनी अडतीस वेळा मागितली होती.

नाना ऐकत होते. रडत नव्हते, एखादा कठीण मजकूर वाचताना करायचे तसे ओठ हलवत होते.

शमीमनं पिशवीतून बाटली काढली. “नाना, अजून तासच झालाय. अजून ओलं आहे. दोन थेंब घेतलेत, तर ही सकाळ राहणार नाही. तुम्ही इथे बसला होतात, हेही आठवणार नाही.”

नानांनी बाटलीकडे बघितलं. “आन उद्या उठल्यावर?”

“आज उजाडेपर्यंतचं आठवेल.”

“म्हंजी मी इचारीन, तानू कुठं हाय.”

“मी सांगेन. झोपेत गेली म्हणून सांगेन.”

“म्हंजी त्ये मला पुन्यांदा पयल्यांदा ऐकावं लागंल.” नानांनी मान हलवली. “नगं. आजवर लई पयल्यांदा केलं म्या. ह्ये वाळू द्या.”

शमीमनं बाटली पिशवीत ठेवली. आणि तेव्हा तिच्या मनात एक विचार आला, जो तिनं पुढे कुणाला सांगितला नाही. नानांनी थेंब घेतले असते, तर ते कोरे राहिले असते आणि एकच चाचणी उरली होती. बाटली काढताना हे आपल्याला ठाऊक होतं की नव्हतं? तिनं स्वतःला पुष्कळ खोदून विचारलं.

नोंदवहीचं एकोणचाळिसावं पान तिनं भरलं. ‘जागा – वाचकाचे घर. ठेच – पायरी नववी. वेळ – तेवीस मिनिटे. रोगी – दगावला.’ ते पान कारभाऱ्यांकडे गेलं आणि तासाभरात ओळ मंजूर झाली. फक्त एका कारभाऱ्यानं शेरा मारला, की ठरल्याप्रमाणे एक चाचणी कमी आहे, पण हरकत नाही. नवी पुस्तिका साठ भाषांत निघाली. पेरूतल्या आणि पाटणच्या माणसांनी त्या दिवसापुरतं भांडण थांबवलं. पुढे फुंकर किती घरांत बसली आणि किती माणसं तिच्यामुळे आपल्या माणसांशी चार-चार शब्द बोलत राहिली, याची गणती नाही. नवव्या पायरीला कुणीही अडलं नाही. इतकं कुणी अडलं नाही, की ती ओळ तिथे का आहे असा प्रश्न नव्या लोकांना पडायला लागला. एवढं साधं कुणी लिहितं का, असं ते म्हणायचे.

तेरावा झाल्यावर तीन-चार दिवसांनी नाना गोदामात आले. वाचक म्हणून त्यांचा आता उपयोग नव्हता आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. पाव्हण्याच्या खाटेपाशी न जाता ते शमीमच्या टेबलासमोर बसले. तिनं चहा मागवला. तो निवला.

“नाना, काही हवंय का?”

टेबलावरची नवी पुस्तिका नानांनी उचलली, नवव्या पायरीचं पान काढलं, ओळीवरून बोट फिरवलं. मग आणखी दोन पानं उलटली, मागे आले, शेवटचं पान बघितलं. शमीमला ते बघवेना.

“त्यात नाहीये ते, नाना,” ती म्हणाली. “मला विचारा.”

नानांनी पुस्तिका मिटली.

“त्या दिशी तिनं दोनदा मास्काकडं हात न्हेला,” ते म्हणाले. “मला वाटलं, जीव घाबरलाय म्हणून काढाया बघतीया. म्या हात धरला. दाबला न्हाई, बरं का. नुसता धरला, आन मांडीवर ठिवला. दुसऱ्यांदा बी तसंच. तर तिनं माज्या तळहातावर बोटं मोजल्यावानी केलं. येक, दोन, तीन... म्हनलं, देवाचं नाव घेतीया. तिसऱ्यांदा हात न्हेलाच न्हाई.” त्यांनी वर बघितलं. “तिला ठावं हुतं का, डॉक्टरबाई?”

नाही म्हणणं सोपं होतं. खोटं बोललेलं कुणाला कळलं नसतं. जिला ठाऊक होतं ती गेली होती.

“हो,” शमीम म्हणाली. “मीच शिकवलं होतं तिला. तुम्हाला कळू नये म्हणून तिला शिकवलं.”

नानांनी मान हलवली. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. अडलेली पायरी उमगल्यावर जो उजेड पडायचा तोच पडला होता, आणि तो बघून शमीमला तोंड फिरवावं लागलं.

“म्हंजी ती मला दावीत हुती,” नाना म्हणाले. “आन म्या तिच्या हातावर थापटीत तिला म्हणत हुतो, घाबरू नगंस, पुस्तकात असंल.”